आण्णाची मान

धुण्याचा दगड एका अंगाला खचलाय आणि धुण्याचं पाणी चुलीकडं येतंय, एवढीच राजमतीबाईंची तक्रार होती. शुक्रवार पेठेतल्या मगदुमांच्या परसात तो दगड त्यांच्या सासूच्या सासूपासून पडलेला. काळा, रुंद, गुळगुळीत. त्यावर चार पिढ्यांची लुगडी आपटून झाली होती आणि दगडानं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"त्यात काय, येत्या रविवारी पहारीनं उचलतो आन् खाली दोन चिपा घालतो," आप्पासो मगदूम म्हणाले.

मोठमोठी राज्यं असल्याच वाक्यांनी बुडालेली आहेत. पण आप्पासो पडले कारकून. शाहू महाराजांच्या दरबारातल्या एका खात्यात ते खाली मान घालून बसत, आणि खाली मान घालून बसणाऱ्याला पुढचं दिसत नाही. शिवाय त्यांचा एक स्वभाव होता. हातात घेतलेलं काम ते सोडत नसत. जमो न जमो, सोडायचं नाही. एकदा पानाच्या डब्याचं अडकलेलं झाकण उघडायला बसले, तर डबा मोडला, चिमटा मोडला, नख मोडलं, पण झाकण उघडूनच उठले. आत सुपारी नव्हती ही गोष्ट वेगळी.

रविवारी पहार घातली. दगड हलला नाही. कुंपणापलीकडून गणपतरावांचं डोकं वर आलं. गणपतराव गुळाचे अडते. अंगाला कायम काकवीचा वास आणि जिभेवर कायम सल्ला.

"पहार उलटी धरलीया, आप्पासो."

पहार सुलटी धरली. दगड हलला नाही.

"माती भिजवा की आदी."

माती भिजवली. आता आप्पासोही हलेनात, कारण ते घोट्यापर्यंत चिखलात रुतले होते. तोवर गल्लीतले निम्मे पुरुष परसात जमले होते. कोल्हापुरात विहिरीचं पाणी एक वेळ आटेल, पण सल्ला आटायचा नाही. कोण म्हणे डावीकडून खणा, कोण म्हणे उजवीकडून. आप्पासोंनी दोन्हीकडून खणलं. खणावं तसा दगड मोठा व्हायला लागला. दुपारी त्याला एक खांदा आला. उन्हं कलली तेव्हा दुसरा आला. पुढच्या रविवारी कंबर आली आणि तिथून पुढं तो गृहस्थ सरळ गणपतरावांच्या कुंपणाखालून त्यांच्या गोठ्यात शिरला.

पालथा पडलेला चांगला सात हात लांबीचा पाषाणपुरुष होता तो. आणि धुण्याचा दगड म्हणजे त्याची पाठ.

राजमतीबाईंनी हातातलं धुणं खाली ठेवलं. "म्हंजे मी इतकी वर्सं देवाच्या पाठीवर लुगडी आपटली?"

"पाठ रगडून दिलीसा म्हना की वैनी," गणपतरावांनी धीर दिला. मग त्यांना गोठा आठवला. "पर आप्पासो, एक आत्ताच सांगून ठेवतो. कमरंपासनं वर तुमचा. खाली माझा."

कमरेखालच्या भागावर गणपतरावांची म्हैस बांधलेली होती आणि तिचंही मत मालकासारखंच होतं. तिला उठवायला आंबोण लागलं, गोंजारणं लागलं, शेवटी तिची पारडी लांब नेऊन ओरडवावी लागली. ती उठली तेव्हा तिच्या खुरांखाली दगडी मांड्या दिसल्या, आणि त्या मांड्यांना वेढे घालत वर गेलेलं काहीतरी कोरलेलं दिसलं.

"नाग!" गणपतराव मागं सरले.

आप्पासोंनी गुडघ्यावर बसून बोटानं माती काढली. नाग नव्हते. पानं होती. पानापानांचा वेल होता.  लहानपणी आप्पासो वडलांच्या खांद्यावर बसून श्रवणबेळगोळला गेले होते आणि तिथल्या उंच मूर्तीकडं मान मोडेपर्यंत वर बघितलं होतं. तो वेल ते कसे विसरतील?

"बाहुबली," ते म्हणाले. "तपाला हुबा ऱ्हायला आन् अंगावर वेल चढले, त्यो."

सगळ्यांनी हात जोडले. म्हशीनंही मान हलवली असं गल्लीत अजून सांगतात, पण म्हशी एरवीही मान हलवतात.

फक्त एक भानगड होती. बाहुबलीला डोकं नव्हतं. मान खांद्यापाशीच तुटलेली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? माती परत लोटून त्यावर धुणं धुतलं असतं. आप्पासोंनी सरकारला कळवलं.

पहिल्या कचेरीनं सांगितलं, मूर्ती आहे म्हणता, तर देवस्थानांचं बघतात तिकडं जा. तिथले शास्त्रीबुवा म्हणाले, "खंडित मूर्ती देवात जमा होत नाही. नदीत सोडा." सात हाती पाषाण नदीपर्यंत कोण नेणार, असं विचारल्यावर ते म्हणाले की तो प्रश्न धर्माचा नसून बैलांचा आहे. आप्पासो तिसऱ्या कचेरीत गेले. तिथं रस्त्यांचं काम बघत. तिथला हेडक्लार्क फार सरळ विचार करणारा माणूस होता. "देव नाही ना? मग दगड. दगड म्हणजे खडी." आणि दुसऱ्याच दिवशी नव्या रस्त्याचा ठेकेदार, कृष्णात त्याचं नाव, हातात घण घेऊन मगदुमांच्या परसात उभा. त्यानं कलिंगड वाजवून बघावं तसं बाहुबलीच्या खांद्यावर टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

"झकास! दगड बोलतोय की वो. खडी कशी एकसारखी पडंल."

आप्पासोंनी आयुष्यात कुणाला ढकललं नव्हतं. त्या दिवशी ढकललं. कृष्णात ठेकेदार जागचा हलला नाही, आप्पासोच मागं सरकले, पण हेतू सगळ्यांना कळला. प्रकरण वर गेलं, इंजिनियरसाहेबांपर्यंत. साहेब न्यायी होते. ते म्हणाले, "अमावास्येनंतरच्या शुक्रवारी मी स्वतः येतो. मूर्ती उभी आणि अखंड दिसली, तर तिथंच राहील. डोकं नसेल, तर ठेकेदार घेऊन जाईल."

झालं. त्या दिवसापासून आप्पासोंना दुसरं काही सुचेना. त्यांनी सगळं परस खणलं. एक पाटा सापडला, दोन खापराची गाडगी सापडली, गणपतरावांच्या वडलांचा हरवलेला अडकित्ता सापडला, ज्याच्यापायी त्या घरात भाऊबंदकी झाली होती. डोकं नाही. कचेरीत रोज सकाळी मोठे कारकून चष्म्यावरून विचारत, "काय मगदूम, सापडलं का डोकं?" आणि सगळं खातं दौतीत नाक घालून हसे. आप्पासो टाक बुडवत आणि मनात म्हणत, हसा. सापडल्याशिवाय मी मरत नाही.

डोकं सापडेपर्यंत निदान धड तरी उभं करावं म्हणून त्यांनी माणसं बोलावली. आठ जणांनी दोर लावला. दोर तुटला.

"हे हमालाचं काम न्हवं," कुंपणावरून आवाज आला. "पैलवान आना. चिंचेच्या तालमीत जावा. लालासाब वस्ताद एकटा बैलगाडी उचलतो. बैलासकट."

आप्पासो चिंचेच्या तालमीत गेले. आत पोरं जोर काढत होती, घामाचा आणि तेल-हळद घातलेल्या तांबड्या मातीचा वास भरला होता. वस्ताद हौद्यात, कुस्तीच्या मातीत, होते. थांबायचं म्हणून आप्पासोंनी इकडंतिकडं बघितलं, हौद्याच्या कडेला एक गोल दगड दिसला, तेलानं चमकणारा. धोतर सावरून ते त्यावर टेकले.

तालमीतले सगळे जोर एका क्षणात थांबले.

"अवो पावणं! उठा! आण्णावर बसलायसा!"

आप्पासो दचकून उठले. हौद्यातून लालासाब वस्ताद बाहेर आले. माणूस कसला, वेशीचा बुरूज. कान कुस्तीत चुरगळून अळूवडीसारखे झालेले. "पावणं, ह्यो आण्णा. ह्येला छातीला लावून उचलला, तरच चिंचेच्या तालमीत पैलवान म्हनायचं. ह्येच्यावर बसायचं न्हाई."

"चुकलं," आप्पासो म्हणाले. पण त्यांचा हात अजून आण्णावरच होता, आणि हाताला काहीतरी लागत होतं. बारीक बारीक गाठी. ओळीनं. चकल्या मांडाव्यात तशा.

"ह्या गाठी कसल्या?"

"त्याच तर खुबी हाय," जोतीराम नावाचा एक पैलवान कौतुकानं म्हणाला. "पकडायला बरं. मागनं गाठी, फुडनं गुळगुळीत."

गाठी कसल्या, ते कोरलेले कुरळे केस होते. आणि पुढून गुळगुळीत असणारच. कितीतरी पिढ्यांच्या छात्यांवर तो चेहरा घासला गेला होता. नाक गेलं होतं, ओठ गेले होते. पण बाजूला एक लांबट पाळी राहिली होती कानाची. आणि खालची बाजू सपाट, तुटलेली. आप्पासोंनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्या तुटल्या जागेभोवती गुंडाळलं, मापाला गाठ मारली, ते काढून घेतलं आणि कुणाला काही न सांगता घराकडं पळत सुटले. मागं पैलवान एकमेकांकडं बघत राहिले. घरी येऊन आप्पासोंनी बाहुबलीच्या तुटक्या मानेला उपरणं घातलं. माप बरोबर गाठीवर आलं.

परत तालमीत आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. धाप आणि आनंद दोन्ही एकदमच आले होते.

आण्णा म्हणजे आपल्या परसातल्या बाहुबलीचं डोकं, हे त्यांनी कसंबसं तुटक तुटक सांगितलं. ते ऐकून लालासाब वस्तादानं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "तोबा. पर आप्पासो, येक सांगतो. पाय कदी लावला न्हाई आमी. रोज तेल लावलंय. छातीला धरलाय."

"म्हायती हाय. म्हनूनच ऱ्हायला त्यो. आता द्या."

"देऊ?" वस्ताद हसले. "माझ्या वस्तादाच्या वस्तादानं आण्णा उचलला. उद्याच्याला पोरांनी काय उचलायचं? तुमच्या कचेरीचं टेबल?"

इथं आप्पासोंनी चूक केली. ही चूक पुण्यात चालली असती, मुंबईत कुणाच्या लक्षातही आली नसती. पण कोल्हापुरात, तालमीत, हौद्याच्या काठाला उभं राहून करायची ती चूक नव्हे. त्यांनी बाहुबलीची गोष्ट सांगायला घेतली.

"वस्ताद, ह्यो कोन हाय म्हायती हाय का? ह्यो सोता पैलवान हाय!"

पैलवान म्हटल्यावर सगळी तालीम मांडी घालून बसली.

"भरत आन् बाहुबली, दोगं भाऊ. राज्यावरनं भांडान. दोन्ही फौजा समोरासमोर. तवा परधान म्हनले, फुकट मानसं कशाला मारायची? तुमी दोगंच लढा. आदी नजरंची लढाई, जो डोळं मिटंल त्यो हरला. मग पान्याची लढाई. आन् शेवटाला कुस्ती..."

"कुस्ती!" तालीम गरजली. जोतीरामानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली, कारण शेजारी कुणी मोकळं नव्हतं. त्या आरड्याओरड्यात गोष्टीचं पुढचं सगळं वाहून गेलं. लालासाब वस्ताद उठले आणि त्यांनी शड्डू ठोकला तो पंचगंगेपर्यंत ऐकू गेला.

"ठरलं! देवाच्याच रीतीनं ठरवू. नजर, पानी, कुस्ती. जितला तर आण्णा न्या."

"कुणाला जितून?" आप्पासोंनी विचारलं.

"मला. आनि कुनाला?"

आप्पासोंचं वजन ओल्या धोतरासकट एका पोत्याइतकं, आणि पोतंही चिरमुऱ्याचं. हात जोडून घरी यायला वाट मोकळी होती. त्यांनी आण्णाकडं बघितलं. नाक नसलेला तो चेहरा त्यांच्याकडं बघत होता.

"कदी?" ते म्हणाले.

घरी राजमतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, पोत्यात घालून आनतील तुमास्नी!" मग डोळे पुसून त्यांनी बदाम भिजत घातले. नवरा ऐकायचा नसेल तर निदान भरलेल्या पोटी तरी पडू दे, असा त्या घरचा शिरस्ता होता. पण खुराक खायचा कधी? मगदुमांचं घर जैन, त्यांच्या घरी दिवस मावळल्यावर दाताला दात लागत नसे आणि कचेरी सुटायची दिवस मावळताना. मग आप्पासो एका हातात धोतर आणि एका हातात छत्री धरून सूर्याशी शर्यत लावत पळायचे. गल्लीतली पोरं ओरडायची, "आप्पासो, बुडाला बुडाला!" उंबरठ्यावर उभ्याउभ्या तांब्याभर दूध घशात ओतायचे, तोवर सूर्य गेलेला असायचा. ह्या पळण्यानं त्यांच्या अंगात जी थोडी चरबी होती तीही गेली.

पहिला सामना तालमीच्या दारात झाला. दोघं समोरासमोर बसले. लालासाब वस्तादाच्या नजरेनं भलेभले पैलवान लंगोटात गारठलेले. पण वस्तादाला एक गोष्ट माहीत नव्हती. आप्पासो वीस वर्षं कचेरीत बसलेले. समोर अर्जदार उभा असतो, आशेनं बघत असतो, आणि त्याच्याकडं बघायचं पण तो दिसू द्यायचा नाही, ही विद्या कारकुनाशिवाय जगात कुणाला नाही. आप्पासोंनी ती नजर लावली. डोळे उघडे, आत कुणी नाही. वस्तादानं भुवया चढवल्या, मिशा फुरफुरवल्या. काही नाही. थोड्या वेळानं वस्तादाला वाटायला लागलं की आपणच काहीतरी कागद आणायचा विसरलोय. ते चुळबुळले, आणि त्यांचे डोळे मिटले.

शुक्रवार पेठ नाचली. गणपतरावांनी गूळ वाटला.

दुसरा सामना पंचगंगेत झाला. छातीभर पाण्यात, म्हणजे वस्तादाच्या छातीभर. आप्पासोंची तिथं हनुवटी होती. वस्तादानं तळव्यानं एकच लाट मारली. आप्पासो दिसेनासे झाले. नंतर ते घाटाच्या तिसऱ्या पायरीवर सापडले, हातात कुणाच्या तरी कळशीचा काठ घट्ट धरून. सोडायचा नाही हा स्वभाव तिथंही दिसला. ती कळशीवाली बाई कितीतरी वेळ ओरडत होती.

म्हणजे बरोबरी. उरली कुस्ती. ती गुरुवारी, साहेब यायच्या आदल्या दिवशी.

गुरुवारी चिंचेच्या तालमीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कृष्णात ठेकेदार घण खांद्यावर टाकूनच आला होता. आप्पासो लंगोट लावून हौद्यात उतरले तेव्हा एक म्हातारा हळहळला, "ह्येला माती लावायची म्हंजे मातीच जास्त व्हनार."

सलामी झाली. आप्पासोंनी विचार करून ठेवला होता. डाव आपल्याला येत नाहीत, तर डाव खेळायचाच नाही. धरायचं. ते सरळ खाली बसले आणि त्यांनी वस्तादाच्या उजव्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली. वस्तादानं पाय झाडला. आप्पासो पायाबरोबर गेले, परत आले. वस्ताद चालायला लागले. एक फेरी झाली, दोन झाल्या, आप्पासो घोरपडीसारखे चिकटून मागं घसटत होते, तोंडात माती, नाकात माती, डोळे उघडे.

"सोडा आप्पासो, मोडाल!" वस्ताद कळवळून म्हणाले.

"न्हाई सोडत."

"अवो, मला उगंच पाप लावतायसा."

"न्हाई सोडत!"

शेवटी वस्ताद वाकले, एका हातानं मान आणि एका हातानं लंगोट धरून त्यांनी आप्पासोंना पायावरून सोलून काढलं, आणि सरळ डोक्याच्या वर उचललं. तालीम उसळली. "आपट! आपट!"

वर हवेत आडवे पडलेल्या आप्पासोंना सगळी तालीम उलटी दिसत होती. खाली कोपऱ्यात आण्णा दिसला, त्याच्या शेजारी कृष्णाताचा घण. आणि गोष्टीचं राहिलेलं शेपूट त्यांच्या तोंडातून मातीसकट बाहेर पडलं.

"वस्ताद! थांबा! बाहुबलीनं बी असंच उचललं हुतं!"

"मग?"

"असंच! भावाला! डोक्यावर! आन् आपटलं न्हाई!"

वस्तादाचे हात थांबले. "मग काय केलं?"

"अलगद खाली ठेवलं. जितला त्यो. आन् जितल्यावर सगळं सोडून दिलं. राज्य, गादी, सगळं. म्हनला, ह्याच्यासाठी भावाला मातीत घालू व्हय? आन् गेला निघून."

 आप्पासोंच्या अंगावरची माती खाली गळत होती.

"हे पुरानात हाय का आत्ता वर गेल्यावर सुचलं?" गणपतरावांनी विचारलं. शेजारी तो शेजारीच.

"पुरानात हाय!"

"मग आदी का न्हाई सांगितलंसा?" वस्ताद म्हणाले.

"सांगू कुटं दिलंसा? शड्डू ठोकला की तुमी!"

हे मात्र खरं होतं. वस्ताद तसेच उभे राहिले. वरती माणूस धरून विचार करणं सोपं नसतं, पण त्यांनी घाई केली नाही. जोतीराम हळूच म्हणाला, "वस्ताद, आपटा आनि आण्णा ठिवून घ्या. जितलाय की तुमी."

"त्येच तर म्हन्तो मी," वस्ताद म्हणाले. "हारलेला सोडतो, त्यात काय? त्येच्या हातात ऱ्हायतंच काय सोडायला. जितल्यावर सोडायचं... ह्यो डाव मला कुनी शिकिवला न्हाई." आणि त्यांनी आप्पासोंना तांब्या ठेवावा तसं हौद्याच्या काठावर ठेवलं. "न्या आण्णाला."

तालमीतली पोरं रडली. वस्तादानं स्वतःच्या हातानं आण्णाला शेवटचं तेल लावलं, छातीला धरला, खांद्यावर घेतला आणि शुक्रवार पेठेपर्यंत एकट्यानं आणला. मागं सगळी तालीम, दोर आणि बांबू घेऊन.

धड उभं राहायला वेळ लागला नाही. पस्तीस पैलवान आणि दोन बैलजोड्या म्हटल्यावर दगडही शहाणा होतो. दिगंबर बाहुबली उभा राहिला तेव्हा मात्र गणपतराव घाईघाईनं आपलं धोतर घेऊन आले. "बायाबापड्या हाइत, जरा झाकू या."

"लाज तुमास्नी वाटतीया," राजमतीबाई म्हणाल्या. "त्येला न्हाई. तुमचं धोतर तुमीच नेसा."

मग डोकं बसवायचं. चुना, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ आणि गूळ, असा जुना लेप गवंड्यानं सांगितला. गवंड्यानं सांगितलेला गूळ मूठभर होता. गणपतरावांनी आख्खी ढेप आणली.

"हात आखडू नका. आमच्या गुळानं कदी कशाचं वाईट झालंय का?"

ह्या प्रश्नाला कोल्हापुरात उत्तर नसतं. आख्खी ढेप गेली. डोकं मानेवर बसलं, मानेभोवती झेंडूचा जाड हार घातला, आणि सगळे कृतार्थ होऊन झोपले.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा लेप वाळला नव्हता. तो काकवी झाला होता. आण्णा डावीकडं कलला होता. आणि कोल्हापुरातल्या यच्चयावत मुंग्या, काळ्या, तांबड्या, डोंगळे, नातेवाइकांसकट, रांग धरून बाहुबलीकडं निघाल्या होत्या. नवा लेप करायला सवड नव्हती. साहेबांची बग्गी कोपऱ्यावर दिसली.

आप्पासो वस्तादाकडं धावले. "वस्ताद..."

 मूर्तीच्या मागल्या बाजूला बांबूची परांची बांधलेली होती. लालासाब वस्ताद तिच्यावर चढले, मूर्तीच्या पाठीला छाती लावून उभे राहिले आणि हाराच्या आतून हात घालून त्यांनी आण्णाला दोन्ही तळव्यांत धरला. समोरून माणूस दिसत नव्हता. बाहुबलीच रुंद होता.

साहेब आले. बराच वेळ वर बघत राहिले. "उत्तम. पण डोकं पक्कं आहे?"

"नुसतं ठिवलंय, साहेब," कृष्णात ठेकेदार पुढं झाला. "ढकलून बघू?"

"बघा."

कृष्णातानं लांब बांबू घेतला, आण्णाच्या कपाळाला लावला आणि रेटा दिला. आण्णा हलला नाही. त्यानं पाय रोवून जोर लावला. आण्णा हलला नाही. उलट मागून असा काही रेटा आला, की कृष्णात बांबूसकट जाऊन धुण्याच्या पाण्यात बसला.

"कमाल आहे!" साहेब म्हणाले. "लेपात घातलंय काय?"

"गूळ, साहेब!" गणपतराव छाती काढून पुढं आले. "आमच्या अडतीवरचा!"

साहेबांना इतका आनंद झाला की ते निघेचनात. खुर्ची मागवली. चहा झाला. आपण मागं एका पुलाला कसा चुना वापरला ते त्यांनी पहिल्या खांबापासून सांगितलं. आप्पासो हात जोडून उभे होते आणि तिरक्या नजरेनं परांचीकडं बघत होते. मुंग्या वस्तादाच्या पावलांवर चढल्या होत्या. पुलाचा दुसरा खांब झाला तेव्हा त्या गुडघ्यावर होत्या. तिसऱ्या खांबाला लंगोटाच्या गाठीपाशी. राजमतीबाईंचा दोडक्याचा वेल बांबूवरून परांचीवर आला होता, त्याचा एक ताणा वस्तादाच्या घोट्याला लागला होता. वाऱ्यानं लागला असेल. वस्तादाची एक मिशीही हलली नाही.

"आता मागची बाजू बघू," साहेब उठले.

 पण राजमतीबाई पदर घेऊन आडव्या आल्या. "मागं आमचं न्हाणीघर हाय, साहेब."

साहेब कानापर्यंत लाल झाले. दोनदा क्षमा मागितली, बग्गीत बसले, आणि बसल्या बसल्या मोठ्यानं सांगितलं, "मूर्ती अखंड आहे. जागेवर राहील. ठेकेदार, तुम्ही दुसरा दगड बघा."

बग्गी वळली तसे आप्पासो परांचीकडं धावले. वस्तादाचे पाय घोट्यापासून मांडीपर्यंत लाल गांधींनी फुगले होते. मानेवर मुंग्या, पापण्यांवर मुंग्या. तळवे अजून आण्णाला लावलेले.

"वस्ताद! चावल्या की वो सगळ्या! हाक तरी मारायची!"

"आण्णा हलला का?"

"न्हाई."

"मग झालं." वस्तादानं ओठावरची मुंगी फुंकून उडवली. "आप्पासो, त्यो सगळं सोडून गेला म्हनलासा. फुडं काय केलं त्येनं?"

"असाच हुबा ऱ्हायला. मुंग्यांनी वारूळ केलं पायाशी, वेल चढले, तरी हलला न्हाई."

"किती दिस?"

"वरीसभर."

वस्तादानं थोडा विचार केला, खांदे जरा सैल केले आणि पाय नीट रोवून घेतले.

"बरं. मग घाई न्हाई. सावकाश मळा नवा लेप," ते म्हणाले. "पर गनपतरावास्नी आदी घरात कोंडा."